परदेशी जायची परवानगी

त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर काका बाबांना चिडवत होते, "काय लिफ्टवाले, नातीला बघायला परदेशी कधी उडताय?"

बाबा हसले. "आम्ही बसवलेली ती लिफ्ट पडल्याची चौकशी संपू दे. आरोप ठेवला नाही, पण पोलीस सोडतही नाहीत." मी इकडून मुलीला स्क्रीनसमोर धरलं.

दुसऱ्या दिवशी बाबा हृदयविकाराने गेले. मी पोचले, तेव्हा काका भेटायला आलेल्या तपास अधिकाऱ्यावर तुटून पडले होते, "आरोप नाही, काही नाही, आणि माणसाला नातीचं तोंडही बघू दिलं नाहीत!"

"अहो, पत्ता देऊन खुशाल जा, असं मी त्यांना दोनदा सांगितलं होतं."

"साफ खोटं!"



"ते खरं सांगतायत, काका," मी म्हणाले. "पोलीस चौकशी चालू असताना सासरी काय सांगू, इतक्यात येऊ नका, असं मीच बाबांना म्हटलं होतं."