शिवरात्रीचे बटाटे

"फाटकाकडे काय बघतेस? बघून ते उघडत नाही," नलिनीबाई खाटेवरून म्हणाल्या.

जान्हवी पुन्हा खाली वाकली आणि बटाट्यांना मातीची भर देऊ लागली. देवासच्या त्या घरामागं बटाट्याच्या चार सऱ्या, भोवती उंच भिंत, आणि फाटकाची किल्ली सासूच्या कमरेला.

पीथमपूरच्या एका औषधांच्या कारखान्यानं तिला बोलावलं होतं. नवरा योगेंद्र तिथंच खोली करून राहायचा. दोन फेब्रुवारीला रुजू व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. सासरे अशोकराव मात्र एकदाच बोलले होते, "शिवरात्रीच्या उपासाला या घरात बाजारचा आलू कधी आला नाही. तुझ्या सासूचा गुडघा हा असा. बटाटे निघाले की खुशाल जा. त्याआधी नाही."

शिवरात्र पंधराला होती. योगेंद्र रविवारी यायचा, बापासमोर मान खाली घालून जेवायचा आणि परत जायचा.

"आई, तुम्ही बोलून बघा ना बाबांशी."

"यांच्या शब्दापुढं? चाळीस वर्षांत गेले नाही, आता तुझ्यासाठी जाऊ?" नलिनीबाईंनी सुपारीची पुडी दातांनी फाडली. कात्री त्यांना कधी लागलीच नाही. "मलाही आलं होतं बोलावणं. बिस्किटांच्या कारखान्यात, पॅकिंगला. तेव्हा लसूण निघायचा होता."

"मग?"

"मग काय? निघाला लसूण. भर नीट दे, बटाटा उघडा पडलाय."

पाला वाळला की बटाटा काढायचा, एवढं जान्हवी इथं शिकली होती. त्या दुपारी सासूचा डोळा लागल्यावर तिनं मिठाची पुडी बादलीत कालवली आणि भिंतीकडच्या सरीत ओतली. खाट करकरली, तशी ती बादली टाकून आत पळाली.

दुसऱ्या दिवशी नलिनीबाईंनी स्वयंपाकघरातली फळी बघितली. "या घरात मीठ कोण खातंय? म्हैस बांधलीय का कुठं?"

जान्हवी मान खाली घालून भराभर कणीक मळू लागली. पण नलिनीबाई नवऱ्याकडे वळल्या. "येताना पाच पुड्या आणा. लिंबाचं लोणचं घालते."

त्या दिवसापासून त्यांनी पाणी घालायचं कामही काढून घेतलं. "तुला साधं पाणी घालता येत नाही. सरक." सकाळी गुडघा धरत, कण्हत त्या स्वतः बादल्या ओतायच्या. बादलीला कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. जान्हवीचा तोही रस्ता बंद झाला. दिवसभर तिनं घरात राबायचं आणि तारखा मोजायच्या.

मग भिंतीकडची सरी पिवळी पडली. पाठोपाठ उरलेल्या तिन्ही. पाण्याबरोबर मीठ पसरलं असणार, जान्हवीला वाटलं. जानेवारी संपता संपता सगळा पाला लोळला.

अशोकरावांनी कुदळ घातली. बटाटे निघाले लिंबाएवढे.

"चाळीस वर्षांत असं नाही झालं!"

"कुणा मेल्याची दृष्ट लागली!" नलिनीबाईंनी कपाळावर हात मारला. "आता हेच किडूकमिडूक शिजवते शिवरात्रीला. पण निघाले ना? मग ही बया इथं बसून काय करणार? फुकट खाणार? तुम्ही शब्द दिलाय, मी नाही."

अशोकरावांनी कुदळ भिंतीला टेकवली. "जाऊ दे तिला," ते म्हणाले.

एक तारखेला सकाळी नलिनीबाईंनी फाटक उघडलं. जान्हवी पाया पडली आणि तिथंच रडू लागली. "आई, ते बटाटे... मीच..."

"रडतेस काय? बस चुकेल." त्यांनी फडक्यात बांधलेला डबा तिच्या पिशवीत कोंबला. "लोणचं आहे. बसमध्ये उघड. इथं उघडून वास करू नकोस."

बस देवासच्या बाहेर पडल्यावर जान्हवीनं फडकं सोडलं. डबा हलका होता. झाकण काढलं, तर आत लिंबाची फोडही नव्हती. होत्या मिठाच्या पाच रिकाम्या पुड्या, नीट घड्या घातलेल्या, प्रत्येकीचा कोपरा दातांनी फाडलेला.