पाडव्याची टेप

मेघनाने हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि दोन मिनिटांनी पुन्हा कानाला लावला. तिसऱ्यांदा ऐकलं तरी ती माणसं तेच बोलत होती.

कॅसेटमधल्या त्या मागच्या बोलण्याला घरात आजवर सगळे रेडिओ म्हणत. बाबा दम्मामहून बोलतायत आणि मागे कुठेतरी अरबी रेडिओ चालू आहे, एवढंच. लालबागच्या त्या दोन खोल्यांत गेली पस्तीस वर्षं दर दिवाळी पाडव्याला ती कॅसेट लागत आली होती. गिरणी बंद पडल्यावर बाबा, म्हणजे रघुनाथ, आखातात गेले तेव्हा मेघना तीन वर्षांची होती. कॅसेट आली, ते आले नाहीत. आई, मीराबाई, कुंकू लावून वाट पाहत राहिली आणि पाडव्याला नवऱ्याच्या जागी टेपरेकॉर्डरला ओवाळत राहिली. शेजाऱ्यांना आधी हसू यायचं, मग भीती वाटायला लागली, मग सवय झाली.

मेघना परळच्या एका हॉस्पिटलात परदेशी पेशंटांच्या काउंटरवर होती. त्या नोकरीपायी तिने विद्यापीठात अरबीचा वर्ग धरला. पहिली दोन वर्षं पुस्तकी अरबीत गेली. बातम्या वाचता यायला लागल्या, पण आखातातून आलेली एखादी आजीबाई पोट धरून बोलायला लागली की हिची बोलती बंद. तिसऱ्या वर्षी सरांनी तिथली रोजची बोली घेतली आणि कान उघडले. मग त्यांनी काम दिलं, की खऱ्या माणसांच्या गप्पा कुठून तरी मिळवा आणि ऐकून शब्दन् शब्द उतरवून आणा. बाकीच्यांनी यूट्यूब धुंडाळलं. मेघनाने घरची कॅसेट मोबाइलवर घेतली. असला रेडिओ दुसऱ्या कुणाकडे नसणार म्हणून ती खुशीतही होती.

तो रेडिओ नव्हता. बाबांच्या मागे त्याच खोलीत दोघे जण बसले होते.

एकाने विचारलं, "हा रघूच्या नावाने का बोलतोय? रघूला जाऊन महिना झाला ना?"

दुसरा म्हणाला, "गप्प बस. मरताना रघूनेच ह्याच्याकडून कबूल करून घेतलंय. घरी पोर लहान आहे."

आणि त्यांच्या पुढ्यात, अगदी माइकजवळ, तिचे बाबा मालवणीत सांगत होते, "मी बरो आसंय. मेघूक सांभाळ. पाडव्याक दिवो लाव आणि समज, मी थंयच आसंय."

मेघनाने रेकॉर्डिंग थांबवलं. वडील म्हणून तिला एवढा एकच आवाज ठाऊक होता. दहावीचा निकाल तिने या आवाजाला सांगितला होता, लग्न मोडलं तेव्हा त्याच्यासमोर रडली होती. तो मेलेल्या माणसाचाही नव्हता. तो भलत्याच कुणाचा तरी होता.

तिने सरांना वही दिलीच नाही. दोन दिवस तिला जेवण गेलं नाही. आईला सांगावं, तर पस्तीस वर्षांचं कुंकू एका वाक्यात पुसायचं. न सांगावं, तर आई दर वर्षी परक्या माणसाला नवरा म्हणून ओवाळणार आणि आपण शेजारी उभं राहून ते बघणार. पाडव्याच्या सकाळी उटणं लावता लावता तिने ठरवलं, आज सांगायचं. या वर्षीची ओवाळणी पुरी होऊ द्यायची नाही.

नवाच्या सुमाराला वरच्या मजल्यावरचे गुणाजीकाका आले. बाबांचे दम्मामच्या खोलीतले सोबती. कॅसेट त्यांनीच आणून दिली होती. तिकडच्या धुळीने त्यांचा घसा गेला तो गेलाच. बिल्डिंगमध्ये ते कुजबुजत बोलायचे आणि मेघनासमोर तेवढंही नाही, नुसती मान हलवायचे. दर पाडव्याला इस्त्रीचा सदरा घालून यायचे, टेपरेकॉर्डरच्या मागे भिंतीशी ठेवलेल्या खुर्चीत बसायचे आणि टेप संपली की दोन चकल्या खाऊन वर जायचे. ह्यांना सगळं माहीत असणार, हे मेघनाला आज प्रथमच जाणवलं. तिला त्यांचा राग आला.

आईने पाटाभोवती रांगोळी काढली. पाटावर टेपरेकॉर्डर ठेवला, त्याला कुंकू लावलं, ताम्हनातलं निरांजन पेटवलं आणि बटण दाबलं. खरखर झाली. मग आवाज आला. मी बरो आसंय. मागे ते दोघे बोलायला लागले आणि आता मेघनाला त्यांचा एकेक शब्द कळत होता. मेघूक सांभाळ. दिवा गोल फिरत होता. त्याचा उजेड टेपरेकॉर्डरवरून काकांच्या सदऱ्यावर जायचा आणि परत यायचा.

"पाडव्याक दिवो लाव आणि समज," एवढं झालं आणि मेघनाने टेप बंद केली. आईकडे वळून ती बोलणार, तोच वाक्य पुरं झालं.

"मी हयच आसंय."

तोच आवाज. थोडा थकलेला, कडेला फाटलेला, पण तोच. टेपरेकॉर्डरची चाकं थांबलेली होती. आवाज त्याच्या मागून आला होता, भिंतीशी ठेवलेल्या खुर्चीतून. गुणाजीकाकांनी मान खाली घातली होती.

मेघनाने आईकडे पाहिलं. आईचा हात थांबला नव्हता.

"टेप लाव गो," मीराबाई म्हणाली. "तेंका आता जास्त बोलूक जमणा नाय."