तिसरी ओळ

"काका, पुन्हा तिसऱ्या ओळीतच लय तुटली," तन्मय शक्य तितक्या हळू आवाजात म्हणाला. रविवारी त्याच्या गिटार क्लासचा कार्यक्रम होता आणि दिगंबर काकांमुळे सगळ्या मुलांचा ठेका बिघडत होता.

काकांनी ओशाळून गिटार पुन्हा छातीशी धरली. अमेरिकेत टेनेसीला लेकाकडे गेले असताना त्यांना आणि त्यांच्या बायकोला, कुमुदला, ब्लूग्रास या तिथल्या लोकसंगीतातल्या धावत्या गाण्यांचं वेड लागलं होतं. मिरजेला परतल्यावर दोघांनी उतारवयात तन्मयची शिकवणी लावली. धून ती वाजवायची आणि साथीला कॉर्ड हे धरायचे. याच गाण्याच्या तिसऱ्या ओळीत तिचं बोट हमखास अडखळायचं. मग काका एक मात्रा थांबायचे, ती हसत हसत त्यांना गाठायची आणि दोघं मिळून पुढे निघायची.

मार्गशीर्षात कुमुद गेली. काकांचा हात मात्र अजून तिथे थांबायचा.

तन्मयला हे सगळं ठाऊक होतं. म्हणूनच त्याला पुढचं बोलणं जड गेलं. "काका, आता धून मी वाजवतोय. मी अडखळणार नाही. तुम्ही थांबू नका."

काकांनी डोळे मिटून सुरुवात केली. तिसरी ओळ आली आणि गेली. हात थांबला नाही. गाणं शेवटपर्यंत सरळ धावलं, मुलांनी टाळ्या वाजवल्या.

"बघा, जमलं की काका!"

काकांनी तारांवर तळहात ठेवून उरलेला आवाज बंद केला.

"जमलं रे," ते म्हणाले. "पण ती मागेच राहिली."