आजचा गारा आजच

काशीनाथ पोटऱ्यांपर्यंत, भिंतीसाठी कालवलेल्या मातीच्या गाऱ्यात उतरला होता, आणि त्याचा सगळा जीव कडुनिंबाखालच्या खुर्चीवर ठेवलेल्या फोनमध्ये अडकला होता. रविवार असला तरी मल्होत्रासाहेब आज फोन करणार होते. त्याच्या जुन्या ऑफिसात सल्लागाराची एक जागा निघाली होती. ती मिळावी म्हणून काशीनाथ गेले कित्येक दिवस शेताच्या टोकाला जाऊन, बायकोला, सुमित्राला, ऐकू जाणार नाही अशा बेतानं, साहेबांच्या मिनतवाऱ्या करत होता. आधी होकार येऊ दे, मग तिच्याशी चहा घेताना बोलू, असं त्यानं ठरवलं होतं.

"काका, पाय असे गोल फिरवायचे का?" खड्ड्याच्या काठावरून अंशुमननं विचारलं. त्याची बायको केतकी व्हिडिओ घेत होती. दोघं दिल्लीत मुनिरक्यात भाड्याच्या खोलीत राहत, दोघंही नोकरीला विटलेले. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत काशीनाथचं मातीच्या घरांवरचं भाषण ऐकल्यापासून त्यांच्या डोक्यात हे खूळ शिरलं होतं. सोहना गावाच्या पुढे, इथंच शेजारी, जमीन घ्यायची की नाही हे ती दोघं आज ठरवायला आली होती.

"टाचेनं दाबायचं," काशीनाथ म्हणाला. "भुसा मातीत नीट मिसळला पाहिजे. आणि एकदा पाणी घातलं की अर्ध्यावर सोडायचं नाही. आजचा गारा आजच भिंतीला लागला पाहिजे."

बोलताना त्याची नजर खुर्चीवरच होती.

हे सगळं सुरू केलं होतं त्यानंच. पन्नाशीत स्वेच्छानिवृत्ती त्यानं घेतली, सरकारी क्वार्टर त्यानं सोडलं, मातीचं घर, सांडपाण्यावरची केळी, पाण्याशिवायचा संडास, सगळे नकाशे त्याचे. सुमित्रा नको नको म्हणत होती. सामान ट्रकमध्ये चढलं तेव्हा स्वयंपाकाचा ओटा धरून रडली होती बिचारी. आणि आता? तिच्या कोंबड्या, तिची भेंडी, तिनं स्वतःच्या हातानं लिंपलेल्या भिंती. शुगर उतरली, आवाज चढला. काशीनाथची मात्र कंबर धरली होती, छपराला वाळवी लागली होती, आणि संडासाला जाऊन आलं की मागे डबाभर लाकडाचा भुसा टाकायचा! तो डबा उचलताना त्याला ऑफिसातल्या फ्लशचा आवाज आठवे आणि खरोखर भरून येई. त्याला इथून निघून जायचं होतं. पण जिला रडवत आणलं, तिला आता हसती-खेळती असताना उठवून परत कोणत्या तोंडानं न्यायचं? अवघड जागेचं दुखणं नुसतं.

सुमित्रा ताकाचे पेले घेऊन आली.

"सगळी कल्पना यांचीच हं," ती केतकीला सांगू लागली. "मी म्हणायचे, वेड लागलंय या माणसाला. आता कुणी मला दिल्लीत फुकट बंगला दिला ना, तरी जायची नाही मी. बिल्कुल नाही."

फोन वाजला.

काशीनाथनं घाईघाईनं पाय उपसला. म्हणजे उपसायला गेला. गाऱ्यानं पाय काही सोडला नाही, तोल गेला आणि तो हातांवर आपटून कोपरापर्यंत माखला.

"अहो, हळू!" सुमित्रा हसत सुटली. "थांबा, मी घेते."

"अगं नको, मी घेतो ना..."

तोवर तिनं फोन उचलून स्पीकरवर टाकलासुद्धा.

"काशीनाथजी, मुबारक हो! काम हो गया. कल से आ जाइए. बस अभी के अभी हाँ बोल दीजिए, नहीं तो कुर्सी दूसरे के पास जाएगी."

काशीनाथनं तोंड उघडलं. एक 'हो' पुरेसा होता. पण सुमित्रानं त्याच्याकडे पाहिलं आणि तिचे डोळेच भरून आले.

"बघितलंस? अजून सोडत नाहीत यांना," ती केतकीला म्हणाली आणि फोन तोंडाजवळ धरला. "नमस्ते भाईसाहब, मैं उनकी मिसेस बोल रही हूँ. वो अब कहीं नहीं आएँगे. आपकी कुर्सी आपको मुबारक."

"लेकिन भाभीजी, उन्होंने ख़ुद ही तो..."

विमेवाल्यांचा फोन कापतात तसा सुमित्रानं तो कापून टाकला.

अंशुमननं टाळ्या वाजवल्या. "काकू, ग्रेट यार!"

अजून वेळ गेली नव्हती. परत लाव तो फोन, एवढंच म्हणायचं होतं. काशीनाथनं बायकोकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्याला बढत्या मिळाल्या, परदेशी दौरे झाले, सत्कार झाले, पण तिनं त्याच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि राग तर इतका आला की तो कुणावर काढावा हेच कळेना.

"काका, आमचं ठरलं," अंशुमन म्हणाला. "उद्याच राजीनामा टाकतो. तुम्ही फक्त सांगा, सुरुवात कुठून करायची?"

केतकीनं मोबाइल काशीनाथच्या तोंडासमोर आणला. पोरांनो, पळा इथून, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. सुमित्रा ताकाचा पेला धरून, मान थोडी कलती करून, तो काय सांगतो त्याची वाट बघत होती.

"बूट काढा," काशीनाथ म्हणाला.