अंगाईची दुसरी ओळ

त्याच्या बायकोच्या आवाजातली अंगाई लावल्याशिवाय छकुली गाडीत झोपत नसे. पण नुकत्याच घेतलेल्या या जुन्या गाडीत प्रत्येक ओळीमागे आणखी कोणीतरी गुणगुणायचं. फोनवर ऐकलं, तर काहीच नाही. म्हणजे दोष फाइलमध्ये नव्हता.

त्याने ब्लूटूथ सोडून वायर जोडली, मग पेन ड्राइव्ह लावला. गुणगुणणं तसंच.

“संशोधक महाशय, स्पीकर फाटला असेल,” बायको म्हणाली.

त्याने स्पीकरच काढून टाकले.

दुसऱ्या दिवशी गाडी निघताच छकुलीने मागच्या सीटवर भोकाड पसरलं. “आता मलाच गायला हवं,” म्हणत बायकोने पहिली ओळ म्हटली आणि श्वास घ्यायला थांबली.

छकुली एकदम गप्प झाली. त्याने आरशात पाहिलं. ती शेजारच्या रिकाम्या जागेकडे मान वर करून हसत होती, आणि बायकोचे ओठ मिटलेले असतानाच दुसरी ओळ सुरू झाली.