तीन तासांचं विमान

दुबईहून मुंबई विमानाने तीन तास. कोपरीच्या कलावतीला हे पाठ होतं, कारण शेजाऱ्यांच्या फोनवर नवरा, सहदेव, दर वेळी तेच सांगायचा.

“तीन तासांचं तर आहे गो. पण मालकाने सुट्टी द्यायला पायजे ना.”

चार वर्षं मालकाने सुट्टी दिली नाही. मग शीलाचं लग्न ठरलं. लेकीचं कन्यादान बापाने करावं, एवढंच कलावतीचं म्हणणं होतं. पुतण्या चंदू दुबईला निघाला, तेव्हा तिने त्याच्याबरोबर सुके बोंबील पाठवले. विमानात वास नको म्हणून जुन्या हिरव्या लुगड्याची दुहेरी पिशवी शिवली.

“घरचा वास आला की निघतील,” ती म्हणाली. चंदूने मान खाली घालून पिशवी घेतली.

महिन्याभराने ती शीलाच्या होणाऱ्या मामेसासऱ्यांना आमंत्रण द्यायला लोकलने शहाडला गेली. त्यांच्या शेजारच्या दारात दोरीवर हिरवी पिशवी वाळत होती. टाके तिचेच. एका बाजूला सहदेवचा शर्ट, दुसऱ्या बाजूला बाळाची दोन झबली. कलावतीने आमंत्रण दिलं, चहा घेतला आणि परत आली.

रविवारी फोन आला. “बोंबील पोचले गो. लग्नाला यायचं फार मनात आहे, पण एवढ्या लांबून...”

“पोचलेले मी बघितले, शहाडला,” कलावती म्हणाली. “तुमच्या भिंतीपलीकडे शीलाचे मामेसासरे राहतात. लग्नात त्यांना तोंड दाखवू नका, ते ओळखतील. आता तुम्ही दुबईलाच राहा.”