रिकामी गव्हाण

"ही परत घ्या."

नथानियलने लाकडी पेटी कारखान्याच्या उंबऱ्यात ठेवली. पेणच्या त्या कारखान्यात माघी गणपतींचं काम चाललं होतं. पुंडलिकने हातातला कुंचला खाली ठेवला.

"इथनं मूर्ती नेतात, भाऊ. परत आणून द्यायला अजून कोण आलं नाय," तो हसत म्हणाला.

नथानियल हसला नाही. पेटीत पुंडलिकनेच घडवलेला नाताळचा देखावा होता. आठ वर्षांपूर्वी लीयाने, नथानियलच्या बायकोने, मागे लागून तो करून घेतला होता. मरिया, योसेफ, दोन मेंढपाळ, बैल, गाढव आणि गव्हाण. सगळं शाडूचं. लीयाला जाऊन आता दीड महिना झाला होता.

"शनिवारी मी रोह्याची खोली सोडतोय. पुण्याला भावाकडे चाललोय. तिथे हे कुठे ठेवू?"

"आणि कंपनी?"

"राजीनामा लिहून झालाय. उद्या देतो."

पुंडलिकने बसायला स्टूल सरकवलं. नथानियल बसला नाही. दारापर्यंत जात होता, परत येत होता. घरीही त्याचं असंच चाललं होतं. गेल्या रविवारी आगमनकाळ सुरू झाला. नाताळला चार आठवडे उरले. चर्चमध्ये फादर म्हणाले, "वाट पाहा." नथानियल मध्येच उठून बाहेर आला. जिची वाट पाहावी ती येणार नव्हती. आज दुसरा रविवार. आज तो चर्चकडे फिरकलाच नाही, सरळ पेणच्या एस.टी.त बसला.

पुंडलिकने पेंढा बाजूला करून एकेक मूर्ती बाहेर काढली.

"गव्हाणीतलं बाळ कुठाय?"

"सापडत नाही," नथानियल म्हणाला. "ती ते लपवून ठेवायची. चोवीस तारखेच्या रात्री काढायची आणि गव्हाणीत ठेवायची. कुठे लपवते ते मला कधी सांगितलं नाही. यंदा सगळं घर उलटंपालटं केलं. पिठाचे डबेसुद्धा. आता मला शोधायचंच नाही."

पुंडलिकने हात पुसले. आत बायकोला हाक मारली, "हौसा, चा टाक गो." मग वरच्या फळीवर गणपतींच्या मागे हात घालून एक पुडी काढली. निळ्या फडक्यात गुंडाळलेली, वीतभर. ते फडकं लीयाच्या साडीचं होतं. नथानियलने हात पुढे केला. पुंडलिकने पुडी मागे घेतली.

"श्रावणात आल्या होत्या वहिनी. गणपतीची घाई, मान वर करायला वेळ नाय. एस.टी. स्टँडवरनं इथपर्यंत चार ठिकाणी दम खात बसल्या म्हणे. म्हणाल्या, 'यंदा लपवायला मी असेन असं वाटत नाय. हे तुमच्याकडे ठेवा. बाळ मिळालं नाय की आमचे हे घर डोक्यावर घेतील, मग रागावून पेटी घेऊन तुमच्याकडेच येतील.'"

नथानियल जागीच थांबला.

"मग द्या ना."

"आज चार तारीख. चोवीसच्या आधी मागितलं तरी द्यायचं नाय, असं बजावून गेल्यात."

"तोवर ती रिकामी गव्हाण घेऊन मी काय करू?"

"मी पण हेच विचारलं. म्हणाल्या, 'रिकामी नाय हो ती. देवाची जागा राखून ठेवलेली हाय.'"

पुंडलिकने पुडी पुन्हा फळीवर ठेवली. हौसाने चहा आणला. नथानियल स्टुलावर बसला आणि चहा सगळा प्याला. मग त्याने मूर्ती एकेक करून पेटीत घातल्या, गव्हाणीखाली जास्तीचा पेंढा बसवला आणि पेटी खांद्यावर घेतली.

उंबरा ओलांडून तो वळला.

"चोवीसला कारखाना किती वाजता उघडता?"